निसर्गातल्या दीक्षाविधीत तरुण एकटे राहतात, मग मार्गदर्शक नेमके काय करतो?

मार्गदर्शकाचे मुख्य काम एकांताच्या आधी आणि नंतर असते. प्रत्यक्ष एकांताच्या दिवसांत तो तळावर थांबून केवळ सुरक्षिततेवर लक्ष ठेवतो. याचे कारण विधीच्या रचनेतच आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींचे, म्हणजे आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसरीत जातानाच्या विधींचे, विलगीकरण, उंबरठा (मधली अवस्था) आणि पुनःसमावेश असे तीन टप्पे मांडले. स्टीव्हन फॉस्टर व मेरेडिथ लिटल यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या, असे विधी घडवणाऱ्या 'स्कूल ऑफ लॉस्ट बॉर्डर्स' या संस्थेची पद्धत याच टप्प्यांवर उभी आहे: आधी तयारी, मग सहसा चार दिवस-रात्र केवळ पाण्यावर एकट्याने राहणे, आणि परतल्यावर गोलात बसून आपली हकीकत सांगणे. एकांतातही कोणाला वाऱ्यावर सोडलेले नसते. जवळपास राहणाऱ्या दोघांसाठी दगडांची एक रास ठरवतात. एक जण सकाळी, दुसरा दुपारी तेथे येऊन खूण ठेवतो, म्हणजे दोघांची भेट न होताही ख्यालीखुशाली कळते, आणि खूण दिसली नाही तर शोध सुरू होतो. माझ्या मते मार्गदर्शकाची खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात लागते, कारण तेथे उपदेश न करता ऐकायचे आणि सांगणाऱ्याचीच गोष्ट त्याला आरशासारखी परत दाखवायची असते. मात्र मधुमेह असलेल्या, नियमित औषधे घेणाऱ्या किंवा खाण्याच्या विकाराचा इतिहास असलेल्या तरुणांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपवास करू देऊ नये. त्यांच्यासाठी अन्नासह एकांत ठेवता येतो.