कॅटेगरी असूनही ओपनमधून भरायचं का?

प्रश्न : मुलगी सांगली जिल्ह्यात बारावी सायन्सला आहे. दहावीला ९४ टक्के होते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. आम्ही धनगर, एनटी-सी म्हणजे भटक्या जमाती (क). मिस्टर झेडपीच्या प्राथमिक शाळेत शिक्षक, पगार वर्षाला नऊ लाखांच्या घरात. नातेवाईक म्हणतात, ८ लाखांवर गेलात, आता सवलत बंद. मुलगी म्हणते, ‘कोट्यातली’ म्हणून ऐकून घेण्यापेक्षा ओपनमधूनच भरू. काय करावं?

उत्तर : ताई, मुलीला गेल्या वर्षीची कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, कटऑफ यादी उघडायला सांगा. आवडीच्या कॉलेजसमोर जीओपनएच, एलओपनएच, जीएनटी२एच, एलएनटी२एच असे कोड दिसतील. जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींच्या जागा, एनटी२ म्हणजे तुमची एनटी-सी, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांच्या जागा. फॉर्ममध्ये एनटी-सी लिहिलं तर ती या चारही रांगांत उभी राहते. ओपन लिहिलं तर दोनच रांगांत. ओपन ही काही एखाद्या जातीची जागा नाही. मेरिट बसलं तर एनटी-सीची मुलगी ओपनच्याच जागेवर जाते.

आणि कोटा केवढा? साडेतीन टक्के. ६० जागांच्या शाखेत जेमतेम दोन. त्या दोन जागांवर समाजातली सगळी हुशार पोरं टपलेली असतात. हिणवणाऱ्यांना हा हिशेब सांगून बघा. ऐकतीलच असं नाही.

आता उत्पन्नाचं. इथे दोन कागदांची गल्लत होतेय. नॉन-क्रिमीलेअरसाठी, म्हणजे आरक्षणाला लागणाऱ्या ‘प्रगत गटात मोडत नाही’ या दाखल्यासाठी, ८ लाखांची मर्यादा खरी, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. प्राथमिक शिक्षक वर्ग ३ मध्ये येतात, त्यामुळे दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर तुम्ही नॉन-क्रिमीलेअरमध्ये बसता. फी-सवलतीला मात्र तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगार येतो. तेव्हा जागा राखीव मिळाली तरी फी माफ होईल, असं धरून चालू नका. शैक्षणिक कर्जाची चौकशी आत्ताच करून ठेवा.

मला खरी काळजी आहे ती व्हॅलिडिटीची, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्राची. जातीचा दाखला असला म्हणजे झालं, असं समजून बसलेले पालक मी दर जूनमध्ये बघतो. जात पडताळणी समितीला भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा हवा असतो. म्हणजे आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा नमुना १४. मागच्या वर्षी एका मुलाच्या आजोबांच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ होतं. शेवटी चुलत आजोबांच्या दाखल्यावर काम झालं, पण त्यात चार महिने गेले.

तुमचे मिस्टर राखीव जागेवर लागले असतील तर त्यांची व्हॅलिडिटी झालेली असेल. वडिलांचं प्रमाणपत्र असलं की मुलीचं काम बरंच सोपं होतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि ज्युनिअर कॉलेजचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज आताच भरा. अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर मुलीला ओपनमध्ये टाकतात आणि हातातली सीट जाऊ शकते.

आयआयटी-एनआयटीसाठीची जेईई देणार असेल तर आणखी एक. केंद्राच्या यादीत एनटी-सी असा प्रकारच नाही. तिथे धनगर ओबीसीत येतात, आरक्षण २७ टक्के. म्हणून जेईईच्या फॉर्मवर ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमीलेअर) भरायचं. त्याचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही, केंद्राचा कॅपला चालत नाही. दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रावर दोन्ही वेगवेगळे मागा, नाव घेऊन मागा. नाहीतर तिथला मुलगा सवयीने राज्याचाच भरून देतो.

मिस्टरांची सर्व्हिसची फाइल या रविवारी काढा. व्हॅलिडिटी सापडली तर मला कळवा, नाही सापडली तर आजोबांच्या शाळेचं नाव कळवा.