कंसातलं वाक्य

मावशी,
मी बारावीत आहे, कराडजवळच्या गावात राहते. चौथ्या वर्षापासून दोन्ही कानांत मशीन. आईने दर शनिवारी एसटीने स्पीच थेरपीला नेलं, म्हणून साध्या शाळेत शिकू शकले. वर्गात मला 'ट्यूबलाइट' म्हणतात. गेल्या वर्षी अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत एक मुलगा भेटला. त्याला अजिबात ऐकू येत नाही, हातांनी बोलतो, आयटीआयला आहे. आता दर रविवारी त्याच्या ग्रुपसोबत बागेत भेटतो. त्याने मला नाव ठेवलंय, गालावरच्या खळीची खूण. (तिथून आले की माझं डोकं दुखत नाही.) मला तो आवडतो. आई म्हणते, एवढ्या कष्टाने तुला बोलती केली ती मुक्यांत जाऊन बसायला? हे प्रेम आहे, की तो माझ्यासारखा आहे म्हणून असं वाटतंय? त्याला भेटणं बंद करू का?
— ना इकडची ना तिकडची

मुली,
प्रेम की आणखी काही, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर सतराव्या वर्षी येत नाही आणि पस्तिसाव्या वर्षीही येईलच असं नाही. ते जरा बाजूला ठेवू. मी अडकले ती तू कंसात टाकलेल्या वाक्यावर. रविवारी डोकं दुखत नाही, म्हणजे बाकीचे सहा दिवस दुखतं. किती वर्षं? तू लिहिलं नाहीस, कारण तुला आता त्यात लिहिण्यासारखं काही वाटतच नाही.

लोकांना वाटतं मशीन म्हणजे कानाचा चष्मा, लावला की झालं. मशीन आवाज मोठा करतं, पण मोठा आवाज म्हणजे स्पष्ट शब्द नव्हे. सरांबरोबर पंखाही मोठा होतो, सरकणारा बाकही आणि मागची कुजबुजही. उरलेलं तू ओठांवरून भरून काढतेस. आणि ओठ काय सांगतात? आरशासमोर आवाज न काढता 'बाबा' म्हण, मग 'मामा' म्हण, मग 'पापा'. आहे काही फरक? घरात कोण आलं हे तू मागचंपुढचं जुळवून ठरवतेस, तोवर बोलणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. सर फळ्याकडे वळले की ओठही गेले. शाळा सुटेपर्यंत तू हेच करत असतेस. सगळ्या वर्गात जास्तीत जास्त डोकं चालवणारी मुलगी तू, आणि तुलाच ट्यूबलाइट म्हणायचं! मला त्या वर्गाचा इतका राग आलाय की पुढचं वाक्य खोडून टाकलं.

बागेत मात्र शब्द थेट डोळ्यांसमोर येतो. तो जुळवावा लागत नाही, म्हणून डोकं शांत असतं. हा प्रेमाचा गुण नव्हे, भाषेचा आहे.

आता आई. तिचे शनिवार खरे, एसटीतले धक्के खरे. पण त्याची फेड तू रोज डोकं दुखवून घेऊन करायची नाहीस. हात वापरले की तोंड सुटत नाही, ही समजूत काही तिने शोधलेली नाही. 1880 साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की शिकवताना खुणा नकोत, बोलणंच श्रेष्ठ. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त झाला. एकशेतीस वर्षांनी! तुझं बोलणं कुठेही पळून जात नाही. मराठी येणाऱ्याने कन्नड शिकली म्हणून त्याची मराठी जाते का? आणि 'मुक्यांत' हा शब्द तुझ्या घरात पुन्हा नको. ती मुलं बोलतात. आपल्याला कळत नाही, हा दोष आपला.

आणि ना इकडची ना तिकडची ही सही बदल. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ऐकू येण्यात 60 ते 70 डेसिबलची घट असणाऱ्यांसाठी 'हार्ड ऑफ हिअरिंग', म्हणजे कमी ऐकू येणारे, असा वेगळा रकाना केलाय, त्यापुढचे बधिर. दाखल्यावर तुझा जो काही रकाना असेल, बागेतल्या बाकावर तो कुणी विचारत नाही. आजवर सगळ्यांनी तुला नावं ठेवली, तिथे पहिल्यांदा नाव ठेवलं.

तर ऐक. ही भाषा त्याच्याकडून शिकणं बंद कर. त्याला भेटणं नव्हे, फक्त शिकणं. त्या ग्रुपमधल्या मुलींकडून शीक, नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या बायका असतील त्यांच्यात बस. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश दिल्लीच्या सरकारी संस्थेने केलाय, त्याचे व्हिडिओ फोनवर फुकट दिसतात. पण निव्वळ शब्दांवर थांबू नकोस. तिला स्वतःचं व्याकरण आहे. 'काय', 'कुठे' हे तिथे वाक्याच्या शेवटी येतं, आपल्या 'तुझं नाव काय'सारखं. ते माणसांत बसूनच हाताला लागतं. परीक्षा झाली की रीतसर वर्ग लाव.

कारण सतराव्या वर्षीची प्रेमं मोडतातही. तो गेला तर जाईल. त्याच्याबरोबर तुझी खळी जाता कामा नये, आणि तो न दुखणारा रविवारही. डोकं न दुखता बोलता येईल अशी वीस माणसं तुझी झाली, आणि तरी बागेत शिरल्या शिरल्या तू त्यालाच शोधत असलीस, तर मला पुन्हा लिही. तेव्हा प्रेमाबद्दल बोलू.

तोवर एक काम. आज संध्याकाळी टीव्ही बंद कर, आईसमोर भाजी निवडायला बस, आणि ते वाक्य तिला सांग. कंस काढून.