दोनदा अलाइनमेंट केलं तरी गाडी टायर खातीय, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार. माझी २०१२ ची पिकअप आहे, पुढं-मागं दोन्हीकडं पाटेच (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं चादरी-टॉवेलच्या गाठी पुण्याला टाकतो आणि कांद्याच्या सीझनला मार्केट यार्डाच्या खेपा. दिवाळीला पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, दहा हजार किलोमीटर पण झाले नसतील तोवर परवा पंक्चरवाल्यानं चाक काढून दाखवलं की डाव्या टायरची आतल्या बाजूची नक्षी साफ गेलीय आणि तार दिसायला लागलीय. उजवा पण आतनंच खाल्लाय पण एवढा नाही. बाहेरनं बघितलं तर दोन्ही नव्यासारखे. मधे दोनदा अलाइनमेंट (चाकांचा तिरकेपणा मशीनवर मोजून सरळ करणं) केलं, मशीनचा कागद जपून ठेवलाय, सगळे आकडे हिरवे. मिस्त्री म्हणतो टायरची कंपनी बदला, टायरवाला म्हणतो एक्सल वाकलाय, मेहुणा म्हणतो आपले रस्तेच तसले. मागच्या टायरांच्या दोन्ही कडा झिजल्यात, मधली नक्षी शाबूत आहे. हवा चारी चाकांत ४० ठेवतो, उन्हाळ्यात थोडी कमी करतो, नाहीतर उन्हानं फुटतात. नक्की दुखणं कुठंय?
– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : मालक, आधी एक काम करा, तो डावा टायर आजच्या आज उतरवा. तार दिसली म्हणजे तो टायर संपला, त्याला स्टेपनीत पण ठेवू नका, कारण स्टेपनीतला टायर नेमका रात्री दोन वाजता टेंभुर्णीच्या अलीकडं चढवायची वेळ येते आणि मग माणूस म्हणतो चला एवढं पुण्यापर्यंत जाऊ.

आता दुखण्याचं. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. दोन्ही टायर आतनं खाल्लेत, डावा जास्त, कागद हिरवा आहे आणि तरी झीज थांबत नाही. टायर खराब लागला असता तर तो असा दोन्ही बाजूला बरोब्बर आतल्याच कडेला झिजला नसता. रस्त्याचं म्हणाल तर मेहुण्याचं थोडं खरं आहे, पण तेवढ्या एका कारणानं दहा हजारात तार दिसत नाही. माझा संशय सरळ आहे, पुढच्या चाकात कुठंतरी ढिल आहे. किंगपिनच्या (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं ती) बुशात, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळीत, टायरॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडून एकत्र वळवणारा दांडा) एंडात, म्हणजे टोकाच्या जोडात, नाहीतर दोन्हीकडं. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर बसून फोटो काढल्यासारखं, मशीनवर उभी असताना चाक एका जागी बसतं, त्याचा आकडा हिरवा येतो, आणि गाडी हायवेला लागली की तेच चाक दुसऱ्याच जागी जाऊन बसतं. मशीन खोटं बोलत नाही हो, त्याला जे दाखवलं ते त्यानं मोजलं.

हे आतनंच का खातं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढं कुणी फसवणार नाही. मागच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत पुढची चाकं नुसती ढकलली जातात, रस्त्याचा विरोध त्यांना मागं रेटतो आणि त्यामुळं दोन्ही चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात. टायरॉड घट्ट असेल तर ती फाकत नाहीत, एंड ढिला असेल तर जेवढी ढिल तेवढी फाकतात. चाकं अशी बाहेर फाकली की आतली कड घासत चालते. दुसरं म्हणजे किंगपिन. चाक किंगपिनच्या बाहेरच्या अंगाला असतं, वजन आतनं येतं, त्यामुळं बुश खाल्लं की लोडवर चाकाचा माथा आत झुकतो आणि परत आतलीच कड मरते. दोन्ही दुखणी एकाच कडेवर येतात म्हणून झीज एवढी भरभर होते. आणि डावीकडं जास्त का, तर डांबर सोडून खाली उतरायला लागतं ते डावं चाक, साइडपट्टीचे खड्डे, पाणी, माती सगळं त्याच्या वाट्याला, त्यामुळं साधारण डाव्याचा किंगपिन आधी बोलतो.

घासणं म्हणजे किती, त्याचा हिशोब करून बघा, मला स्वतःला तो पहिल्यांदा मांडला तेव्हा खरा वाटला नव्हता. चाकाचा व्यास ७५ सेंटिमीटर धरा. दोन चाकांमधलं अंतर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा ६ मिलिमीटर जास्त असेल तर प्रत्येक चाक ३ मिलिमीटर तिरकं, म्हणजे एक किलोमीटर गेलं की टायर ४ मीटर आडवा घासला जातो. सोलापूर-पुणं धरा २५० किलोमीटर. म्हणजे एका खेपेत प्रत्येक टायर जवळजवळ एक किलोमीटर आडवा फरफटत नेल्यासारखं झालं, येताना परत तेवढंच. मग नक्षी राहणार कशी.

आता तपासणी घरच्या घरी करा, गॅरेजला जायच्या आधी, म्हणजे गेल्यावर तुम्हीच सांगाल काय बघायचं ते.

पहिलं, हात फिरवा. उजव्या टायरवर करा, डाव्यात आता हाताला लागण्यासारखं काही उरलं नसेल. तळहात नक्षीवर आडवा, बाहेरच्या कडेकडनं आतल्या कडेकडं न्या आणि मग उलटा आणा. बाहेरनं आत जाताना करवतीसारखं टोचलं आणि उलटं येताना गुळगुळीत लागलं तर चाकं फाकलेली आहेत. बरोबर याच्या उलट लागलं तर चाकं आत वळलेली, पण तसं असतं तर बाहेरच्या कडा गेल्या असत्या. काहीच टोचत नसेल, नुसती एकच कड उतरती झिजलेली असेल तर चाक झुकलंय, म्हणजे किंगपिन, नाहीतर खरंच वाकलेला एक्सल. तारेपासनं मात्र हात लांब ठेवा, चिरतो.

दुसरं, मागच्या चाकांना दगड लावून पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ वर, जोरात हलवा. खडखड झाली तर पोराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर ती व्हील बेअरिंगची ढिल होती, ब्रेक दाबून पण राहिली तर किंगपिन. ही ट्रिक लई मोलाची आहे कारण बेअरिंग टाइट करायचं काम छोटं आणि किंगपिनचं मोठं, आणि गॅरेजमधे कधी कधी एकाचं बिल दुसऱ्यावर निघतं. मग चाक ९ आणि ३ वर धरून आडवं हलवा, तिथं खेळ लागला तर टायरॉड एंड आणि स्टेअरिंगचे जोड. चाकं जमिनीवर असताना एकानं स्टेअरिंग बोटभर इकडं-तिकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं प्रत्येक जोडावर हात ठेवायचा, ढिला एंड हाताला लगेच टकटक देतो.

किंगपिन निघाला तर दोन्ही बाजूचं किट टाका, एक बाजू करून पैसे वाचत नाहीत. बुश रीमर मारून (भोक मापात घासून) बसवणारा मिस्त्री बघा, हातोड्यानं ठोकून बसवणारा नको. आणि नंतर ग्रीस. तुमच्या गाडीला किंगपिनवर ग्रीसचे निप्पल असतील, मातीनं बुजलेले, खात्रीनं सांगतो. ग्रीस मारताना एक्सल जॅकवर उचलून मारायचं म्हणजे वजन सुटतं आणि ग्रीस सगळीकडं पोचतं, गाडी उभी ठेवून मारलं तर जिथं पाहिजे तिथंच जात नाही. हे कुणी करत नाही आणि म्हणूनच किंगपिन जातात.

हे सगळं घट्ट झाल्यावर अलाइनमेंट, त्याआधी नाही. त्यानंतर पण डाव्या चाकाचा झुकाव उजव्यापेक्षा वेगळा आला तरच टायरवाल्याचं म्हणणं खरं, एक्सल वाकलेला. तो सरळ करायचा झाला तर प्रेसवर थंडच करून घ्या, गॅसनं लाल करून ठोकणाऱ्याकडं देऊ नका, लोखंडातली ताकद जाते.

उजवा टायर वाचतो का बघा. तार किंवा कापड कुठं दिसत नसेल, नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असेल (कायद्यानं तेवढी पाहिजेच, नक्षीच्या खाचेतल्या उंचवट्याला टायर घासून टेकला की संपला) आणि टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, बाहेरची बाजू अशी खूण पण नसेल तर रिमवर पलटी करून आतली कड बाहेर घेता येते. पण ढिल काढायच्या आधी पलटी केला तर दुसरी कड पण खाऊन घेईल एवढंच.

आता मागचं, ज्याच्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली. मागचा एक्सल सरळसोट असतो, त्याला असलं अलाइनमेंट नसतंच, तिथं दोन्ही कडा जाऊन मधली नक्षी राहिली म्हणजे हवा कमी आणि माल जास्त. चारी चाकांत ४० हे कारवाल्यांचं गणित झालं. पिकअपला भरल्या गाडीवर मागच्या चाकांना पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते, किती ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर नाहीतर पुस्तकात लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा म्हणजे त्या टायरची शेवटची हद्द, तो गाडीचा आकडा नाही, त्यात गल्लत करू नका.

आणि उन्हाळ्यात हवा कमी करायची ती सवय आजपासनं बंद. आपल्याकडं हा समज सगळ्या ड्रायव्हर लोकांत आहे, मी पण चार-पाच वर्षं तसंच करायचो. एप्रिल-मेमधे सोलापूरचा पारा ४३-४४ ला जातो हे खरं, पण टायर फुटतो तो बाहेरच्या उन्हानं कमी आणि आतल्या मळण्यानं जास्त. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते-उठते, भाकरीचं पीठ मळल्यासारखी मळली जाते, त्यानं आतनं तापते, वर दोन टन माल, खाली तापलेलं डांबर, आणि मग फाटतो. कंपनीनं आकडा ठरवताना गरम झाल्यावर वाढणारी हवा धरलेली असते. म्हणून हवा सकाळी गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. मोहोळपर्यंत जाऊन पंपावर मोजली की आकडा चढलेलाच दिसणार, तेव्हा सोडायची नाही. पंपाचा मीटर बरोबर असेलच असं नाही, खिशात एक स्वतःचा ठेवा.

प्रश्न : माझ्या पिकअपच्या पुढच्या टायरवर हात फिरवला की लाटा लाटा लागतात, थोड्या थोड्या अंतरावर खड्डे, आणि ५०-६० च्या स्पीडला घूं घूं आवाज. बेअरिंग बदललं, आवाज गेला नाही.
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : शॉकअप (पाट्यांची उसळी थांबवणारा दांडा) बघा. चाक रस्त्यावर टेकून न राहता टप्पे खात चाललंय, जिथं आपटतं तिथं खड्डा पडतो. पिकअपचे पाटे एवढे कडक असतात की कारसारखं बोनेट दाबून शॉकअप कळत नाही, म्हणून खाली वाकून अंगावर तेल ओघळलंय का आणि वर-खालचे रबर बुश फाटलेत का ते बघा. सोबत बॅलन्सिंग करून घ्या, आणि चाकाला वर-खाली ढिल आहे का ते वरच्या उत्तरातल्यासारखं हलवून बघा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, शॉकअप नवे टाकल्यावर पण आवाज लगेच जाणार नाही कारण टायरचा आकारच तसा झालाय. ते टायर मागं टाका, तिथं आवाज कमी जाणवेल. मिस्त्रीशी भांडायला जाऊ नका.

प्रश्न : मागनं येणारे ड्रायव्हर हात करून सांगतात तुझी गाडी तिरकी चालतीय. मला तर स्टेअरिंग थोडं वाकडं धरायला लागतं एवढंच. याचा टायरशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आहे. मागचा एक्सल जागेवरनं सरकलाय. पाट्याचा सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमधचा) तुटला किंवा यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे) ढिले झाले की एक बाजू मागं नाहीतर पुढं जाते आणि गाडी खेकड्यासारखी चालते. स्टेअरिंग सरळ करून पुढच्या चाकाच्या मधोमधपासनं मागच्या चाकाच्या मधोमधपर्यंत टेप लावा, आधी डावीकडं मग उजवीकडं. फरक निघाला की लोड भरू नका, तसंच पाटेवाल्याकडं जा. सेंटर बोल्ट नवाच टाकायला लावा, वेल्डिंग करून देतो म्हणाला तर दुसऱ्याकडं जा. आणि यू बोल्ट चार-पाचशे किलोमीटरनं परत एकदा आवळून घ्या, नवीन बसवलेले ढिले पडतातच.