वाचकांचे प्रश्न : बाड पाठवले, आता उत्तर कसे वाचावे?

प्रश्न : मी केज तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. ऊसतोड मजुरांच्या जीवनावरील माझ्या 14 कथांचे बाड गेल्या वर्षी मी तीन प्रकाशकांकडे पाठवले. पहिल्याकडून 9 महिन्यांत साधी पोचही आली नाही. दुसऱ्याने बाड साभार परत करताना ‘बोलीचा वापर कमी केल्यास पुन्हा विचार करू’ असे लिहिले. तिसऱ्याने पंधरा दिवसांतच पसंती कळवली, पण 300 प्रतींसाठी 45 हजार रुपये मागितले. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर : या तिघांत सर्वांत मोलाचे उत्तर दुसऱ्याचे आहे, आणि बहुधा त्यानेच आपल्याला सर्वाधिक दुखावले असेल. नुसते ‘साभार परत’ लिहायला बाड उघडावेही लागत नाही; बोलीविषयी लिहिण्यासाठी मात्र कुणीतरी कथा वाचलेल्या असतात. तरीही ती सूचना जशीच्या तशी मान्य करू नका. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात तो ‘कोयता’ काढून ‘जोडपे’ आणि ‘उचल’ काढून ‘आगाऊ रक्कम’ लिहिलेत, तर मुकादमाच्या दारात उभा असलेला आपला माणूस कथेतून निघून जाईल. मी काही वर्षे एका प्रकाशनसंस्थेसाठी बाडे वाचत असे. बोलीच्या कारणाने मागे पडलेल्या बाडांत पुष्कळदा बोलीची अडचण नसेच. एकच शब्द तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला असे आणि तो बोलणाऱ्याचा उच्चार आहे की लिहिणाऱ्याची चूक, हे ठरवता येत नसे. बोलीतील शब्दांचे लेखन सर्वत्र एकसारखे करा, निवेदन कोणत्या भाषेत आणि संवाद कोणत्या, हे पक्के करा, आणि काय बदलले व काय मुद्दाम ठेवले ते सांगणाऱ्या पत्रासह बाड त्याच प्रकाशकाकडे पुन्हा पाठवा.

पहिल्याचे मौन म्हणजे नकार, असे समजू नका. मराठीतील अनेक प्रकाशनसंस्थांत बाड वाचणे, मुद्रितशोधन पाहणे आणि ग्रंथालयांची बिले करणे ही सारी कामे दोन-तीन माणसेच करतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली फाइल तर त्यांच्या संगणकावर उघडलीही नसेल. एकदा नम्रपणे विचारणा करा. महिनाभरात उत्तर आले नाही तर बाड मागे घेत असल्याचे लेखी कळवा. बाड एकाच वेळी तिघांकडे दिले असल्यास ते तिघांनाही ठाऊक असायला हवे, कारण त्यावर वेळ घालवणाऱ्याशी तेवढा प्रामाणिकपणा आपणही राखला पाहिजे.

तिसऱ्याच्या पत्राला मी पसंती म्हणणार नाही. पुस्तक पसंत पडलेला प्रकाशक खर्च स्वतः करतो आणि लेखकाला स्वामित्वधन (रॉयल्टी) देतो. येथे आपण छपाईचे गिऱ्हाईक आहात. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही, परंतु पैसे देण्यापूर्वी किती प्रती आपल्या हाती येतील, उरलेल्या कोठे विकल्या जातील आणि हिशेब कधी मिळेल, हे करारात लिहून घ्या. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, वेगळी रक्कम मागितली तर देऊ नका. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो क्रमांक विनामूल्य देते. हक्कांचे कलम तर दोनदा वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसहच करावे लागते आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असे शब्द दिसले, तर ते खोडून घेतल्याशिवाय सही करू नका.

45 हजार रुपये उभे करण्यासाठी कर्ज काढण्याचा विचार मनात असेल, तर कळकळीने सांगतो, तसे करू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते. त्याची जाहिरात निघाली की अर्ज करा. दरम्यान दोन-तीन कथा मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकाकडे किंवा दिवाळी अंकांकडे पाठवा. त्यांतली एखादी छापून आली, तर दुसऱ्या प्रकाशकाला सुधारित बाड पाठवताना तिचे कात्रण सोबत जोडा.