गनस्टॉक चाकू: आधी पायरी बघा, पॉलिशचं नंतर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पेनसिल्व्हेनियातल्या एका एस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो सेल) आणलेल्या चाकूच्या मुठीला कडेला जो खळगा आहे, तो कुणी घासून केलाय का? काळं पडलेलं पातं चकचकीत करावं का? आणि 60 डॉलर जास्त झाले का?

पहिल्याचं उत्तर फोटोवरूनच देतो. तो खळगा नाही, पायरी आहे आणि ती मूळचीच आहे. तुमच्या हाती गनस्टॉक, म्हणजे बंदुकीच्या दस्त्याच्या आकाराचा खिशातला चाकू लागलाय. मिटलेला चाकू आडवा धरून जुन्या बंदुकीचा दस्ता आठवा. खांद्याला टेकणारी बाजू रुंद असते आणि हाताची पकड येते तिथे लाकूड एकदम बारीक होतं. चाकूचंही तेच. रुंद बूड, मग पायरी, मग पाती खिळलेला निमुळता भाग. 'स्टॉकमन' नावाचा प्रकार वेगळा, त्याची गल्लत करू नका. त्यातला स्टॉक म्हणजे गुरंढोरं, यातला म्हणजे दस्ता. मीही पहिली दोन वर्षं दोन्ही एकाच घराण्यातले समजत होतो.

आणि आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी डोळ्यांपुढे येतो, तसलं यात काही नाही. खटका नाही, कुलूप नाही. पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. सफरचंद सोला, दोरी कापा, पेन्सिलीला टोक करा, एवढ्याच कामाची ही वस्तू.

आता त्या पायरीचं एवढं कौतुक का? अशा चाकूत दोन बाजूंना हाडाच्या पट्ट्या, त्यांच्या आत पितळेचे पत्रे, मध्ये पोलादी स्प्रिंग आणि पुढे बहुधा जर्मन सिल्व्हर या पांढरट मिश्रधातूचं बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकाची धातूची टोपी असते. मूठ साधी असली तर हे सगळं एकत्र ठोकून कड एका ओघात चाकावर घासता येते. पायरी आली की तो ओघ तुटतो. तिथला कोपरा वेगळा घ्यावा लागतो, आणि हात जरा जड पडला की पायरीची धारच जाते. म्हणून माझ्या लेखी गनस्टॉकची सगळी परीक्षा त्या अर्ध्या इंचात आहे. नख फिरवून बघा. हाड, पितळ आणि पोलाद एका पातळीत लागलं, कुठे नख अडकलं नाही, तर काम चोख. कोपरा जेमतेम मऊ झालेला असेल तर ती खिशातली झीज, ती शोभून दिसते. पण पायरी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत असेल तर कुणीतरी बफिंगच्या चाकावर धरलाय समजा. आणि हाडाची पट्टी पायरीपाशी पितळेला सोडून चालत असेल तर मूठ मागाहून बदललेली असण्याची शक्यता मोठी. तुमच्या दुसऱ्या फोटोत मला तसं काही दिसत नाही.

आता वय. खिशातल्या चाकूंची विद्या अमेरिकेत बरीचशी इंग्लंडच्या शेफील्डहून आली. 1890 च्या मॅकिन्ली टॅरिफ या अमेरिकेच्या जकात कायद्यानंतर आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे पात्याच्या बुडाशी 'इंग्लंड' असेल तर चाकू बहुधा त्यानंतरचा. याच चढ्या जकातीमुळे शेफील्डचा अमेरिकेतला धंदा खालावला आणि न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियातले कारखाने फोफावले. पुढे पहिलं महायुद्ध संपल्यावर रेमिंग्टन आणि विंचेस्टर या बंदुकवाल्यांनीही चाकू काढले. रेमिंग्टनचे जुने चाकू साधारण 1920 ते 1940 मधले. पण गनस्टॉक म्हणजे बंदूक कंपनीचाच, असं काही नाही.

तुमच्या चाकूच्या पात्याच्या बुडाशी कंपनीचा जो शिक्का आहे, त्यात 'केस' ही अक्षरं पुसट दिसतात. तो पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या डब्ल्यू. आर. केस या चाकू कंपनीचा असेल तर काम सोपं. 'टेस्टेड एक्स एक्स' असेल तर 1920 ते 1940. 'यू. एस. ए.' असेल आणि ठिपके नसतील तर 1965 ते 1969. 1970 मध्ये त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी करत गेले. पात्याच्या बुडावर नमुन्याचा आकडा असेल तर त्यातला पहिला अंक मुठीचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा. उदाहरणार्थ 6254 मध्ये 6 म्हणजे हाड, 2 म्हणजे दोन पाती, आणि 54 हा त्यांच्या ट्रॅपर नावाच्या चाकूचा नमुना. शिक्का वाचायला घासू नका. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरा, अक्षरं उठून येतात.

मग पातं उघडून मिटा आणि कान द्या. उघडताना, मिटताना खणखणीत 'टक्' आला पाहिजे. अमेरिकन संग्राहक याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात. आमच्या आजीला अडकित्ता घेताना असंच करताना मी पाहिलंय. सुपारी न घालता दोनदा मिटायची, खीळ डुगडुगली की दुकानदाराला परत. तुमचं पातं बाजूला हलत असेल तर किंमत उतरते. मिटल्यावर पात्याचं टोक मुठीच्या आत फार खोल जात असेल तर धार लावून लावून ते झिजलंय.

पॉलिशबद्दल मात्र हात जोडून सांगतो, करू नका. माझा पहिला गनस्टॉक मी एका रविवारी ब्रासो आणि ड्रिलला लावलेल्या कापडी चाकाने आरशासारखा केला. संध्याकाळपर्यंत शिक्का अर्धा गेला होता आणि पायरीचा कोपरा पूर्ण. विकायला नेला तर विक्रेत्याने तो न बोलता माझ्याकडे परत सरकवला. कार्बन स्टीलचा करडा-काळा रंग हा गंज नव्हे, उलट तो काही प्रमाणात गंज रोखतो. लाल, खरखरीत ठिपके असतील तेवढेच तेलात भिजवलेल्या कापडाने हलक्या हाताने पुसा. सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब पुरे.

ठेवताना चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, पितळेवर हिरवं चढतं. आणि पुढेमागे सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घेतलात तर त्याला वेगळं बिऱ्हाड द्या. ते सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. माझ्या सिगारच्या डब्यात असल्या एका पाहुण्याने शेजारचे तीन चाकू गंजवले होते, आणि तो स्वतः वरून ठणठणीत दिसत होता.

राहिले 60 डॉलर. पाती डुगडुगत नसतील आणि मूठ मूळची असेल तर मी तेवढे आनंदाने दिले असते, शिक्का वाचता आला नाही तरी. डिसेंबरात पुण्याला नेणार म्हणालात, तर चेक-इनच्या बॅगेतच टाका. केबिनमध्ये नेलात तर सुरक्षा तपासणीतच अडकेल. निघण्याआधी शिक्क्याचा आडव्या उजेडातला फोटो तेवढा टाका.