ट्रेलरचं ऑटो-लेव्हल उतारावरच्या साइटवर खरंच चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेताय, त्याला ऑटो-लेव्हल, म्हणजे ट्रेलर आपोआप सपाट करणारे विजेवरचे जॅक आहेत, डीलर म्हणतो ‘बटण दाबा आणि खुर्ची टाकून बसा’. पण तुम्हाला जायचंय डोंगरातल्या कॅम्पग्राउंडवर. तिथल्या वाकड्यातिकड्या जागेत हे चालतं का, चाकांखाली लाकडं घालायची कटकट सुटते का, आणि जॅकच्या पायांखाली ठोकळे लागतात का?

चालतं. कटकट मात्र सुटत नाही, अर्ध्यावर येते. मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. आमचा हा दुसरा ट्रेलर. पहिल्याला हाताने फिरवायचे जॅक होते, याला ऑटो-लेव्हल आहे. शेवटची दोन बोटं उचलायला हे यंत्र फार गुणी आहे. हातभर खड्डा भरून काढायला लावलंत तर तुम्हालाच पस्तावायला लावेल.

आधी डीलरकडे जाऊन ट्रेलरखाली वाकून बघा. कोपऱ्यांना जे पाय दिसतात ते उचलणारे जॅक आहेत की नुसते स्टॅबिलायझर? स्टॅबिलायझर म्हणजे आपण हलत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारतो ना, तो प्रकार. ट्रेलर डुगडुगू नये एवढंच त्याचं काम. त्याने वजन उचलायला गेलात तर चेसिसला पीळ बसतो आणि त्याची पहिली खूण म्हणजे दार चौकटीत अडकायला लागतं. स्टॅबिलायझरही बऱ्याचदा विजेवर चालतात, बटणाने खाली येतात, म्हणून विकणारे दोन्हींना एकाच सुरात ‘ऑटो’ म्हणतात. खऱ्या लेव्हलिंगमध्ये कोपऱ्यांचे जॅक, पुढचा टंग जॅक (ट्रेलरच्या नाकाखालचा, ट्रकला जोडायच्या दांड्यावरचा) आणि कल मोजणारा सेन्सर असे सगळे एका कंट्रोलरला जोडलेले असतात.

तो कंट्रोलर मुख्यतः दोनच गोष्टी जाणतो. एक, आपण किती कललोय. दोन, कुठल्या मोटरीला किती करंट लागतोय. पाय जमिनीला टेकला की मोटरीवर भार येतो, करंट चढतो, त्यावरून त्याला कळतं की टेकला. खाली काँक्रीट आहे की कालच्या पावसाने भिजलेली लाल माती, हे त्याला ठाऊक नसतं. चाकं जमिनीवर आहेत की अधांतरी, तेही नाही. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच येतं.

ट्रेलरला हँडब्रेक नसतो. त्याचे इलेक्ट्रिक ब्रेक ट्रकच्या विजेवर चालतात. ट्रक सोडवला की ब्रेकही गेले. मग त्याला जागेवर धरतं कोण? चाकांना लावलेल्या पाचरी. आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड सारतात, तेच. पण पाचर धरते ती चाकावरच्या वजनाच्या जोरावर. उताराच्या बाजूचे जॅक ट्रेलर उचलत गेले की तिकडच्या चाकांवरचा भार हलका होत जातो. आधी स्प्रिंगा सुटतात, तोवर चाक जमिनीवरच असतं. त्यानंतरही उचललं तर चाक सुटतं आणि तिकडची पाचर नुसती शोभेची उरते. मग हजारो किलोचं धूड पूर्ण लांबवलेल्या बारीक पायांवर उभं, आणि आत मुलं उड्या मारताहेत. हे मला अजिबात चालत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. साइटवर ट्रेलर घातला की ट्रक सोडवायच्या आधीच आडवा कल बघायचा. चाकांमधलं अंतर साधारण ६ फूट धरलं तर १ अंश कल म्हणजे सव्वा इंच. ३ अंश म्हणजे पावणेचार इंच. एक-दीड इंच असेल तर मी जॅकवर सोडून देतो. त्यापुढे गेलं की खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या. मी होम डेपो या दुकानातून आणलेलं दोन बाय दहाचं लाकूड कापून ठेवलंय; नावाला दोन इंच, प्रत्यक्षात दीड इंच जाड, हे हिशेबात धरा. दोन थर हवे असतील तर वरची फळी आखूड, म्हणजे चाक पायरीसारखं चढतं. दोन ॲक्सल असतील तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली फळी हवी, आणि टायरचा टेकणारा भाग पूर्ण फळीवर हवा, अर्धा बाहेर लोंबकळता नको. ट्रेलर फळीवर चढला की दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून पाचरी, घट्ट. मगच ट्रक सोडवायचा आणि मगच बटण.

लांबीच्या दिशेचं गणित वेगळं. ॲक्सलपासून टंग जॅकपर्यंत १७ फूट धरले तर १ अंशाला साडेतीन इंच लागतात. टंग जॅकची धाव, म्हणजे तो वर-खाली होतो ते अंतर, साधारण दीड फूट, त्यातली काही खर्ची पडलेलीच असते. तीन-चार अंशांतच तो टोकाला पोचतो. नाक खाली असेल तर सोपं आहे, जॅकखाली ठोकळा ठेवायचा. साइट मागच्या बाजूला उतरत असेल आणि नाक हवेत असेल, तर ते वाईट, कारण नाक जमिनीच्या खाली नेता येत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या चाकांखाली फळ्या घालून मागचा भाग वर घ्यावा लागतो. ऑटो-लेव्हल इथे थोडा वेळ घरघर करतं आणि ‘धाव संपली’ अशा अर्थाची एरर दाखवून थांबतं. त्याचं बरोबरच असतं. दहा वेळा बटण दाबून ते मत बदलत नाही, मी करून पाहिलंय.

आता शून्याबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. यंत्राला ‘सपाट म्हणजे काय’ हे एकदा शिकवावं लागतं. ट्रेलर हाताने नीट सपाट करायचा आणि पुस्तिकेतल्या क्रमाने बटणं दाबून ती स्थिती साठवायची. आमचा ट्रेलर आला तेव्हा डीलरने हे केलेलं असणार असं मी गृहीत धरलं. पॅनेलवर हिरवा दिवा, आणि बायको म्हणतेय की फोडणीचं तेल कढईच्या एकाच कडेला जमतंय. मी म्हणालो, स्टोव्ह वाकडा असेल.

त्याच उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. त्यांचा जन्म पीडब्ल्यूडीच्या बांधकामांवर गेलेला. त्यांनी आधी पाण्याची नळी मागितली, जशी गवंडी दोन टोकं धरून लेव्हल काढतात तशी. ती नव्हती, तर माझी पाणसळ घेतली, ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर ठेवली, बुडबुडा पाहिला. मग तीच पाणसळ त्याच जागी उलट फिरवून पुन्हा पाहिला. बुडबुडा दोन्ही वेळा डावीकडेच. म्हणाले, ‘‘पाणसळ बरोबर आहे. तुझी जमीन वाकडी आहे. पाणसळ खोटी असती तर फिरवल्यावर बुडबुड्याने बाजू बदलली असती.’’ आठ हजार मैलांहून जास्त लांबून आलेल्या माणसाने तीस सेकंदांत निकाल लावला. डीलरकडे शून्य साठवलं तेव्हा त्यांचं गाड्या लावायचं आवारच उतरतं असणार. आम्ही ते शून्य जॉर्डन लेकच्या साइटवर पुन्हा साठवलं, आणि तेल कढईच्या मध्यावर आलं. तुम्ही ताबा घ्याल त्या दिवशी पाणसळ सोबत न्या आणि बाबांसारखी फिरवून बघा. वर्षातून एकदा पुन्हा तपासा.

एवढी काटेकोर लेव्हल कशाला, असं वाटेल. झोपताना रक्त डोक्याकडे येऊ नये, आंघोळीचं पाणी मोरीकडे जावं, टाकीचे आकडे खरे दिसावेत, ही कारणं आहेतच. खरं कारण फ्रिजचं. गॅसवर चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज असेल तर त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं द्रावण तापून आपल्या वजनाने नळ्यांतून खाली वाहत फिरतं. फ्रिज कलला की ते एका ठिकाणी साचतं, बॉयलर कोरडा तापतो आणि युनिट कायमचं जातं. नॉरकोल्ड या फ्रिज कंपनीच्या पुस्तिकेत मर्यादा दिलीय: फ्रिजच्या आडव्या बाजूला ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. इथे एक गंमत आहे. ही बाजू फ्रिजची, ट्रेलरची नव्हे. फ्रिज लांब भिंतीला लावलेला असेल तर त्याचं डावं-उजवं म्हणजे ट्रेलरचं पुढे-मागे! लोक बरोबर उलट दिशेची काळजी घेत बसतात. चालत्या गाडीत हादऱ्यांनी द्रावण हलत राहतं, म्हणून तिथे अडचण येत नाही. धोका उभ्या गाडीत. तुमचा फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल, नव्या ट्रेलरांत बऱ्याचदा तोच असतो, तर कलाची एवढी चिंता नको. मात्र तो बॅटरी खातो.

आणि बॅटरीवरून आठवलं, एल्कमाँट. ग्रेट स्मोकी माउंटन्समधलं हे कॅम्पग्राउंड फार देखणं, पण तिथे वीज नाही, पाण्याची जोडणी नाही. आदल्या रात्री मी फ्रिज भरून ट्रेलर ड्राइव्हवेत ठेवला, प्लग लावायचा विसरलो. वाटलं, सहा तासांच्या रस्त्यात ट्रक चार्ज करेल. ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या वायरीतून येतो तो करंट बारीक असतो, तो फ्रिजलाच पुरला. पोचलो तर संध्याकाळ, रिमझिम पाऊस. बटण दाबलं, एक कोपरा उचलला गेला, आणि कमी व्होल्टेजची एरर येऊन सगळं ठप्प. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ वर आली की तिच्यात फारसं उरलेलं नसतं, आणि या मोटरींना नेमका तेव्हाच जोर हवा असतो. ट्रेलर लंगड्या बैलासारखा उभा. शेवटी कॉर्डलेस ड्रिलने एकेक जॅक फिरवून खाली घेतला. डीलरकडे हे हाताने फिरवायचं तोंड कुठे आहे आणि त्याला कुठला सॉकेट बसतो, ते स्वतः करून बघा, नुसतं ऐकू नका. आमच्या ट्रेलरात ते ड्रिल आता मिठाच्या डब्यासारखं कायमचं असतं.

जॅकच्या पायांखाली ठोकळे लागतात का, हेही तुम्ही विचारलंय. काँक्रीटवर नाही, बाकी सगळीकडे हो. पाय जेमतेम ताटलीएवढा. आमच्या भागातली लाल माती ओली झाली की तो हळूहळू रुततो. रात्री सपाट झोपलेले तुम्ही सकाळी एका कडेला गोळा झालेले असता. उन्हाळ्यात डांबरातही खड्डा पडतो. रुंद फळी ठेवा, उंच चळत रचू नका. स्लाइड-आउट, म्हणजे ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग असेल तर तो लेव्हल झाल्यावरच बाहेर काढा, आणि निघताना आधी तो आत, मग जॅक वर.

जागा निवडताना रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या वेबसाइटवर बऱ्याच साइटच्या तपशिलात ड्राइव्हवेचा चढ-उतार लिहिलेला असतो. तिथे ‘स्लाइट’ दिसलं तर बुक करा. ‘सिव्हिअर’ असेल तर बाजूला कितीही सुंदर ओढा असला तरी पुढे जा.

पैशांचं म्हणाल तर ट्रेलरवर ते आधीच बसवलेलं असेल तर आनंदाने घ्या. पावसात बाहेर न पडता काम होतं, आणि माझ्या कमरेला त्याची किंमत कळते. पण वर्षात चार-पाच फेऱ्या असतील आणि ते वेगळे पैसे टाकून बसवून घ्यायचं असेल, तर मी नाही घेणार. फोनवर कल दाखवणारा ब्लूटूथ सेन्सर, विजेवरचा टंग जॅक आणि सहा फळ्या यांत भागतं. सेन्सर कुठल्या चाकाला किती इंच हवेत ते थेट सांगतो, त्यामुळे ‘अजून थोडं मागे, अजून थोडं’ हा नवरा-बायकोचा जाहीर कार्यक्रम शेजाऱ्यांना बघायला मिळत नाही.