टोकाईची गोड वाइन प्रथमच घेताना

गोड वाइनची ओळख हंगेरीतील टोकाई या प्रदेशाच्या वाइनपासून करून घ्यायचा विचार असेल, तर तो उत्तम आहे. मात्र पहिलीच बाटली सर्वांत महागडी घेऊ नये, उशिरा खुडलेल्या द्राक्षांची साधी गोड वाइन आधी चाखावी. लेबलावर ‘टोकाई’ दिसले की वाइन गोडच असणार, असे नवखे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात फुर्मिंट द्राक्षाची कोरडी वाइनही तेथेच होते. खरी ख्याती ‘आसू’ची, म्हणजे बुरशीमुळे सुकलेल्या मण्यांपासून होणाऱ्या गोड वाइनची. बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या परिसरात शरद ऋतूत उठणाऱ्या धुक्यामुळे द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते, उन्हावाऱ्याने पाणी उडून साखर व आम्लता दोन्ही दाट होतात, आणि असे सुकलेले मणी हातांनी एकेक वेचावे लागतात. किंमत चढते ती यामुळेच. आसूत आता लिटरमागे किमान 120 ग्रॅम साखर लागते, तरी आम्लतेमुळे ती पाकासारखी लागत नाही.

सुरुवातीला एवढे पाळावे:

- बाटली 10 ते 12 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी आणि लहान पेल्यात थोडीच ओतावी.
- सोबत निळ्या बुरशीचे खारट चीज ठेवावे. श्रीखंडासारखा वाइनहून गोड पदार्थ घेतल्यास तीच वाइन आंबट भासते.

पुत्तोन्योशचे, म्हणजे आसूचा गोडवा दाखवणारे लेबलावरील आकडे आणि जुन्या सालांची तुलना सध्या बाजूला ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते, तेव्हा एका बैठकीत ती संपवण्याची घाई नको.